तीन नंबरची भाकरी

सोलापूरच्या बाळीवेशीत नीलम्मा उंबरजेला कुणी पत्ता विचारला तर ती गल्लीचं नाव सांगत नाही. "कडक भाकरीवाल्या नीलम्माचं घर कुटं म्हणून विचारा, आंधळाबी आणून सोडंल," असं सांगते. एकदा एका पार्सलवाल्यानं खरोखर तसं विचारलं, तर लोकांनी त्याला आधी दुसऱ्याच तीन घरी नेलं, कारण त्या गल्लीत कडक भाकरी करून विकणाऱ्या बायका चार आहेत. नीलम्माला त्याचं काही वाटलं नाही. बाकीच्या तिघी भाकरी करत नाहीत, पिठाला त्रास देतात, असं तिचं मत आहे. ते त्या तिघींनाही ठाऊक आहे, कारण तिनं प्रत्येकीला वेगवेगळं जाऊन ते सांगितलं आहे.

तीस वर्षं ती चुलीपुढे बसते. मालदांडी ज्वारीचं पीठ, आधणाचं पाणी, आणि थापताना भाकरी इतकी पातळ की खालच्या परातीचा रंग दिसावा. भाजून झाली की चुलीच्या कडेला उभी करून वाळवायची. मग ती महिना महिना टिकते, शेंगाचटणीबरोबर पापडासारखी मोडून खाता येते, आणि मोडताना 'कट्' असा एकच आवाज येतो. या 'कट्'वर नीलम्माचं सगळं तत्त्वज्ञान उभं आहे. माणूस कसा आहे हे ती त्याच्या घरची भाकरी मोडून ठरवते. एकुलती एक मुलगी चंद्रिका, तिला सांगून आलेलं अक्कलकोटचं एक स्थळ नीलम्मानं एवढ्यासाठी परत पाठवलं की त्यांच्याकडे भाकरी मोडली तेव्हा 'फस्' झालं. "जितं भाकरी फसती, तितं पोरगी काय सुखात राहणार?" चंद्रिकाला तो मुलगा तसाही पसंत नव्हता. तिनं मनातल्या मनात त्या भाकरीचे आभार मानले.

गेल्या श्रावणात नीलम्मा मोरीत घसरली आणि उजवा हात मनगटात मोडला. सहा आठवड्यांचं प्लास्टर. चंद्रिका पुण्याला एका कंपनीत होती. लोकांच्या तक्रारी फोनवर शांतपणे ऐकून घ्यायच्या, हे तिचं काम. कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली, ती लॅपटॉप घेऊन सोलापूरला आली. दिवसा अनोळखी लोकांच्या तक्रारी, उरलेल्या वेळात आईच्या. पगार पहिल्याचाच मिळत होता.

प्लास्टर निघालं. डॉक्टरांनी मऊ चेंडू दिला, रोज शंभर वेळा दाबा म्हणाले. नीलम्मानं तो दोनदा दाबला आणि फ्रिजवर ठेवला. "तीस वर्सं पीठ मळायलोय मी, मला चेंडू शिकवतोय." उजवी करंगळी आत वळली ती वळलीच. त्यावर नीलम्माचं म्हणणं, ती जन्मापासून तशीच होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी जवळचा चष्माही लावायला सांगितला होता, तो ती फक्त सही करताना लावायची. भाकरी काय डोळ्यांनी करतात?

प्लास्टरच्या दिवसांत चंद्रिका भाकरी थापायला शिकली होती. प्लास्टर निघाल्यावर नीलम्मानं नियम घालून दिला. माझ्या भाकऱ्या पाकिटात जातील, तुझ्या घरात खायच्या. दोन पत्र्याचे डबे झाले, एक पाकिटाचा, एक घरचा. सकाळी दोघी शेजारी शेजारी बसून करायच्या. भरणं आणि पाकीट बंद करणं मात्र चंद्रिकाकडे, कारण पाकिटाला उष्णतेनं शिवण घालायचं यंत्र नीलम्माला चटका द्यायचं.

आणि रोज जेवताना हा कार्यक्रम व्हायचा. नीलम्मा घरच्या डब्यातली भाकरी घेऊन कानाशी न्यायची आणि मोडायची.

"ऐकलं का? काय वाजलं?"

नवरा मल्लिकार्जुन तीस वर्षं यंत्रमागाच्या कारखान्यात राहून निवृत्त झालेला. त्याला खडखडाटाखेरीज काही ऐकू येत नाही, आणि लग्न टिकायला तेवढं पुरलं आहे. तो म्हणायचा, "भाकरीच हाय की."

"ही भाकरी? ही फरशी हाय. चंद्रे, ही खाऊन बापाचा दात पडला तर कवळी तुझ्या पगारातनं बसवायची. कडंला बघ, कच्ची. मधी बघ, जाड. हाताला वळण म्हणून न्हाय तुझ्या."

चंद्रिका तक्रार शांतपणे ऐकून घ्यायची.

आठ महिने असे गेले. मग मे महिन्यात कंपनीचा निरोप आला, पुढच्या आठवड्यापासून सगळ्यांनी ऑफिसात हजर व्हायचं. चंद्रिकानं त्या दिवशी आईपुढे बसून सरळ सांगितलं, "अव्वा, मला जायचं नाही. भाकरीचं मी बघते. गॅसचा मोठा तवा घेऊ, धूर ओढायला पंखा लावू, ऑर्डरी मी फोनवर घेते. तू मळून दे आणि बघत बस."

नीलम्माला काळजी लागली. एक नाही, दोन लागल्या, आणि दोन्ही एकमेकींना ढकलायला लागल्या. पोरगी पुण्याला गेली तर खोलीत तिघी अनोळखी मुली, मेसचं पातळ वरण, संध्याकाळी उशिराची बस, फोन लागला नाही की आपला जीव टांगणीला. आणि पोरगी इथं राहिली तर धूर, खोकला, आणि बाळीवेशीतल्या बायकांचं, 'शिकून काय उजेड पाडला, शेवटी तवाच.' हे सगळं ती मोठ्यानं बोललीही. जे मोठ्यानं बोलली नाही ते एवढंच, की पोरगी तव्यापुढे बसली तर आपण कुठं बसायचं?

"तुला बी.कॉम. कशाला केलं? मी धूर खाल्ला तो तू खुर्चीत बसावं म्हणून."

"खुर्चीत तीन वर्षं बसले की. बघितली खुर्ची." चंद्रिका म्हणाली. "तू एकच सांग, आणि खरं सांग. माझ्या हाताला वळण आहे की नाही? आहे म्हणालीस तर राहते. नाही म्हणालीस तर सोमवारी सकाळच्या गाडीनं जाते. पुन्हा विषय काढणार नाही."

नीलम्मानं क्षणभरही विचार केला नाही. मोठ्या चुका ती अशाच करते. "वळण न्हाय," ती म्हणाली.

चंद्रिकानं तिकीट काढलं.

त्या आठवड्यातल्या शनिवार-रविवारी गल्लीतल्या बचत गटाला दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. विषय, 'व्यक्तिमत्त्व विकास : स्वतःला ओळखा, मूल्ये ठरवा, बदल स्वीकारा.' प्रत्येकीनं आपल्या मालाचा नमुना आणायचा होता. नीलम्मानं चंद्रिकाला सांगितलं, माझ्या दोन घे, तुझ्याही दोन घे, भाकरी कशी नसावी ते सरांना कळू दे. भाकऱ्यांचा डबा सांभाळायला चंद्रिका बरोबर गेली.

मंगल कार्यालयाचा हॉल, बाहेर त्रेचाळीस अंश, आत सहा पंखे आणि त्यातले दोन फिरणारे. अशा उकाड्यात दिग्विजय सर कोट घालून उभे होते. पत्रकावर त्यांच्या नावापुढे पुणे लिहिलं होतं, पण रंगात आले की त्यांच्या तोंडून गावाकडची टेंभुर्णी बाहेर पडायची. "बदल हा लई... बदल हा अत्यंत महत्त्वाचा आहे," असं ते पहिल्या दहा मिनिटांत तीनदा म्हणाले.

"ताई, तुमची मूल्यं कोणती?" त्यांनी नीलम्माला विचारलं.

"एका पाकिटात दहा भाकरी. दहा म्हंजे दहा. मोडकी घालत न्हाय, शिळ्या पिठाची घालत न्हाय."

"वा! म्हणजे सचोटी!" सरांनी फळ्यावर लिहिलं. फळ्यावर नीलम्माच्या दहा भाकऱ्या दिसेनात. तिला ते आवडलं नाही.

मग कागद वाटले. माझी ताकद, माझी कमजोरी, मला स्वतःत करायचा बदल. नीलम्मानं ताकदीपुढे 'हात' लिहिलं आणि बाकी दोन्ही जागा कोऱ्या सोडल्या.

"ताई, कमजोरी राहिली की."

"काय न्हाईच तर काय लिहू?"

मागच्या रांगेत निंगव्वा बसली होती. समोरच्या घरातली, भाकरीवाल्या चौघींतली दुसरी, वीस वर्षांची मैत्रीण आणि तेवढ्याच वर्षांची वैरीण. ती म्हणाली, "सर, तिची मी लिवू का? फकस्त मला एक पान जादा द्या."

बायका हसल्या. नीलम्मा उठून उभी राहिली. "हसा. पण ह्या गल्लीतली कुणाचीबी भाकरी द्या, डोळं बांधून सांगते माझी कुठली ते. हाय कुणाची छाती?"

सरांना याहून काय हवं होतं. "लई भारी! बघा, स्वतःचं काम ओळखणं म्हणजेच स्वतःला ओळखणं!" त्यांनी स्वतः टेंभुर्णीच्या नाक्यावरून मशीनवरच्या भाकरीचं पाकीट आणलं होतं. एक त्यातली, दोन चंद्रिकाच्या डब्यातल्या, अशा तीन भाकऱ्या तीन ताटांत ठेवल्या. डब्यातल्या कुठली कुणाची हे चंद्रिकानं सरांच्या कानात सांगितलं आणि ती मागे जाऊन उभी राहिली. निंगव्वानं स्वतःचा सोलापुरी टॉवेल नीलम्माच्या डोळ्यांवर बांधला. जरा जास्तच आवळून.

दोन नंबरची भाकरी तिनं आधी घेतली. मोडली, तुकडा तोंडात घातला आणि लगेच हातावर काढला. "मशीन. वहीचं पान खाल्ल्यागत लागतंय."

टाळ्या.

एक नंबर. तिनं कानाशी धरून मोडली. 'खुट्' असा दबका आवाज झाला. नीलम्माचा चेहरा टॉवेलाच्या खालीसुद्धा वाकडा झालेला दिसला.

"अगंगं. ही कुणी केली? मधी जाड, कडंला कच्ची. पिठाला हात लागलाय का नुस्ता दाखवलाय? ही करणारीनं भाकरी सोडावी आन् दुसऱ्याच्या घरी जेवावं. जग सुखी हुईल."

"एवढं नका बोलू, ताई," सर घाईनं म्हणाले.

"का? खरं हाय ते हाय. चंद्रे, तुझी हाय म्हणून बोलले, राग मानू नको." मग तिनं तीन नंबरची घेतली. 'कट्.' एकच. हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेला. नीलम्मा हसली. घास न खाताच म्हणाली, "ही माझी."

सर चंद्रिकाकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच कुठलंही सुवचन नव्हतं. चंद्रिका म्हणाली, "बरोबर. तीन नंबरची अव्वाची."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सरांनी घाम पुसला आणि 'स्वतःला ओळखलेली उद्योजिका' असं स्वतःच्या हातानं लिहून नीलम्माला प्रमाणपत्र दिलं. प्रमाणपत्र मिळाल्याची सही करायची होती. सहीसाठी नीलम्मानं पिशवीतनं चष्मा काढून लावला.

सही करताना शेजारच्या ताटातले एक नंबरच्या भाकरीचे तुकडे तिला दिसले. एका तुकड्याच्या कडेला नखाएवढी अर्धगोल खळी उमटलेली होती. तिनं दुसरा तुकडा उलटा केला, तिथंही तशीच. थापताना एखादं बोट मागे राहून पिठावर घासत गेलं की उमटते, तशी. नीलम्मानं आजूबाजूला पाहिलं. कुणाचं लक्ष नाही असं बघून तिनं वळलेली उजवी करंगळी त्या खळीत टेकवली.

चपखल बसली.

तिनं तो तुकडा पिशवीत टाकला आणि प्रमाणपत्राची सुरळी त्याच्यावर ठेवली. रिक्षातून घरी येताना ती पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली. चंद्रिकाला वाटलं, अव्वा सोमवारच्या गाडीचा विचार करतेय.

घरी आल्या आल्या नीलम्मानं चष्मा न काढता दोन्ही डबे खाली घेतले. घरच्या डब्यातली प्रत्येक भाकरी कडेला खळी असलेली. पाकिटाच्या डब्यात शोधूनही खळी सापडेना.

"चंद्रे, हिकडं ये. कधीपासनं?"

"काय कधीपासून?"

"मला प्रशिक्षण झालंय. तू शिकवू नको."

चंद्रिका खाली बसली. "प्लास्टर काढल्यावर पंधरा दिवसांनी. तीन गिऱ्हाइकांनी पाकिटं परत आणली, अव्वा. तू देवपूजेला बसली होतीस. मी म्हणाले, चुकून शिकाऊ बाईच्या भाकऱ्या गेल्या. तेव्हापासून भरताना डबे बदलते."

"म्हंजे पाकिटात तुझ्या."

"हो."

"आन् आमी खायलोय त्या माझ्या."

"हो."

"आन् रोज जेवताना मी जे बोलते..."

"ते तुझं तुलाच."

आठ महिने. फरशी, दात, कवळी, सगळं नीलम्माला एकदम आठवलं. कॉटवर आडवा पडलेला मल्लिकार्जुन, ज्याला एरवी दारावरची थाप ऐकू येत नाही, तो म्हणाला, "मला वाटलं तुला म्हाईत हाय."

"तुमालाबी ठावं हुतं?"

"दात माझंच हायत की."

नीलम्माला रडू यायला हवं होतं. पण रडण्याची सवय नसल्यामुळे राग आला. "आन् हॉलमधी खोटं का बोललीस? मला सांगतीस खरं बोल, आन् स्वतः?"

"चाळीस बायका होत्या समोर. परवा मी जाणारच आहे. जाता जाता तुझं नाक कशाला कापू?"

"नाक ऱ्हाऊ दे. मंगळवारी पाकिटात काय गेलं असतं?"

चंद्रिकानं दोन्ही डब्यांची झाकणं लावली. 'मोडकी घालत न्हाय, शिळ्या पिठाची घालत न्हाय.' मूल्यं अजून फळ्यावरच होती, आणि मंगळवारपासून नीलम्मा उंबरजेच्याच नावाच्या पाकिटातून फरश्या जाणार होत्या. तरीही त्या दिवशी नीलम्माच्या तोंडून 'वळण हाय' हे दोन शब्द निघाले नाहीत. तीन वेळा ओठांपर्यंत आले. एकदा तर ती "चंद्रे," म्हणाली, आणि पुढे म्हणाली, "मीठ संपलंय."

चंद्रिकानं बॅग भरायला घेतली.

रविवारी नीलम्मा प्रशिक्षणाला एकटीच गेली. दिग्विजय सरांनी सुरुवात केली, "काल आपण पाहिलं, की नीलम्माताईंनी कसं स्वतःला..."

"थांबा की सर." नीलम्मा उभी राहिली. तिनं पिशवीतनं कालचा तुकडा काढून टेबलावर ठेवला. "कालची एक नंबरची माझी हुती. जी करणारीनं दुसऱ्याच्या घरी जेवावं म्हणले, ती मीच. तीन नंबरची माझ्या पोरीची. तिच्या हाताला वळण हाय. माझ्या हाताला हुतं. संपलं."

हॉलमध्ये दोन पंख्यांचा आवाज ऐकू आला.

"ताई!" सरांचे डोळे भरून आले. "यालाच तर म्हणतात परिवर्तन! सगळ्यांनी टाळ्या..."

"टाळ्या नको. कालचं कागद वापस घ्या." तिनं प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं. मग थोडा विचार करून परत उचललं. "ऱ्हाऊ दे. पोरीच्या नावानं दुसरं लिवून द्या, तवर हे माझ्याकडं ठेवते."

मग तिनं चष्मा लावला आणि आदल्या दिवशीचा कागद मागून घेतला. कमजोरीपुढची जागा कोरी होती. बराच वेळ पेन हातात धरून तिनं लिहिलं, 'उजवी करंगळी.'

निंगव्वानं खांद्यावरून वाकून वाचलं. "एवढीच?"

"एवढीच."

"सर, ते जादा पान द्याच."

बाकीचा दिवस बदल कसा स्वीकारावा यावर गेला. नीलम्मा मात्र घरी जाऊन ते दोन शब्द कसे बोलायचे याची मनात तयारी करत होती. चाळीस जणींपुढे बोलणं सोपं गेलं होतं, एकीपुढे जड जाणार होतं. तिनं वाक्यसुद्धा ठरवलं. पण निंगव्वा जेवणाच्या सुट्टीतच सटकली होती. नीलम्मा घरी पोचली तेव्हा बॅग रिकामी होऊन माळ्यावर गेली होती आणि चंद्रिका भिंतीवर पंख्यासाठी खडूनं चौकोन आखत होती.

"निंगव्वामावशी येऊन गेल्या," चंद्रिका म्हणाली. "तिकीट रद्द केलं. कंपनीला कळवलं."

"तिला कुणी सांगितलं हुतं जिभंला पाय लावून पळायला? मी सांगणार हुते की."

"मग सांग ना. ऐकते."

नीलम्मानं तोंड उघडलं. मिटलं. "चौकोन वाकडा आलाय," ती म्हणाली. मग तिथंच खाली बसून तिनं अटी घालायला सुरुवात केली. पंखा बसल्याशिवाय चुलीजवळ बसायचं नाही. सहा महिन्यांनी छातीचा फोटो काढायचा. लॅपटॉप विकायचा नाही, नोकरी बघत राहायचं, भाकरीचा काय भरोसा, उद्या लोक खायचं सोडतील. स्थळ आलं तर भाकरीवाली म्हणून सांगायचं नाही, उद्योजिका म्हणून सांगायचं. आणि वाटलं तर पुण्याला जायचं, पण एकटीनं उशिराच्या बसनं नाही.

"अव्वा, मी राहतेय," चंद्रिका म्हणाली.

"म्हणूनच सांगायलोय."

सोमवारी, पुण्याची गाडी निघून गेल्यावर, तिघं जेवायला बसले. नीलम्मानं घरच्या डब्यातली भाकरी घेतली, कानाशी नेली आणि मोडली. 'खुट्.' चंद्रिका आणि मल्लिकार्जुन दोघांनी तिच्याकडे बघितलं. नीलम्मानं घास चावला. बराच वेळ चावला. मग उठली, फ्रिजवरचा चेंडू काढला, त्यावरची आठ महिन्यांची धूळ पदरानं पुसली आणि डाव्या हातानं जेवत उजव्या हातानं तो दाबायला लागली.

"किती वेळा म्हणाला हुता डॉक्टर?"

"शंभर," चंद्रिका म्हणाली.

"दीडशे करते. दिवाळीत परत तीन भाकऱ्या ठेवायच्या. टॉवेल मात्र निंगव्वाचा नको."